घामाची पावती

“मी काय चुकले ओ, वकीलसाहेब?”

न्यायालयाच्या आवारात टेबल टाकून बसणाऱ्या आम्हा वकिलांना हा प्रश्न नवा नाही. तरीही पंधराएक वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका बिडी कामगार मावशींनी तो ज्या स्वरात विचारला, तो स्वर अजून कानातून जात नाही. मावशींनी ३१ वर्षे एकाच कारखान्याच्या बिड्या वळल्या होत्या. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा आणायचा. रात्री पान भिजवायचे, पहाटे पत्र्याच्या मापाने कातरायचे आणि मग दिवसभर मांडीवर सूप घेऊन वळत बसायचे. हजार बिड्या झाल्या की दिवस संपला. एकदा डोळे अधू झाले, बोटे वाकडी वळू लागली आणि छाट वाढली. एका सकाळी त्यांना सांगण्यात आले, “उद्यापासून तुम्हाला पान नाही.”

बस्स! ना नोटीस, ना हिशेब. ३१ वर्षांचा निकाल एका वाक्यात लागला.

मावशींचा राग पैशावर कमी आणि माणसांवर जास्त होता. गल्लीतल्या कितीतरी पोरींना त्यांनी बिडी वळायला शिकवले होते. एखादीची संख्या कमी भरली तर आपल्यातल्या पन्नास-शंभर तिच्या सुपात टाकल्या होत्या. कारखान्यातल्या मुन्शीच्या मुलीच्या लग्नात चार दिवस चपात्या लाटल्या होत्या. “कुणाचं वाईट केलं नाही, कामात कसूर केली नाही. मग माझ्याच वाट्याला हे का?” याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तेव्हा मी तरुण होतो, काळा कोट नवा होता. मी छातीठोकपणे म्हणालो, “मावशी, काळजी करू नका. तुमची बाजू खरी आहे, आपणच जिंकणार.”

आज त्या वाक्याची मला लाज वाटते.

ग्रॅच्युइटीचा दावा दाखल केला. मालकाचे उत्तर आले की, ही बाई आमची कामगारच नाही. ती घरी बसून बिड्या वळते, तिच्यावर आमची देखरेख नाही, म्हणून आमची जबाबदारीही नाही. देशभरातल्या बिडी मालकांचा हा जुनाच युक्तिवाद होता. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्या मजुरालाही कामगारच मानले होते. पुढे पी. एम. पटेल अँड सन्स या प्रकरणात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भविष्य निर्वाह निधीच्या बाबतीतही तेच सांगितले. त्यामागचे तर्कशास्त्र प्रत्येक कष्टकऱ्याने समजून घ्यावे असे आहे. मालक तयार बिड्या तपासतो आणि न आवडलेल्या बाजूला काढतो, म्हणजे छाट काढतो. माल नाकारण्याचा हा अधिकार म्हणजेच कामावरचे नियंत्रण. आणि नियंत्रण आहे तिथे मालक-कामगार हे नाते आहे. ज्या छाटीने मावशींच्या ताटातली भाकरी वर्षानुवर्षे कमी केली, तीच छाट त्या कामगार असल्याचा पुरावा ठरली!

मावशी कामगार ठरल्या. पण किती वर्षांच्या? इथे खरी मेख होती. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत १९ वर्षांचीच कार्डे निघाली. आधीची १२ वर्षांची कार्डे “नवीन करून देतो” म्हणून त्याच मुन्शीने नेली होती. पावती घेतली का, असे मी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, “घरच्या माणसाकडं पावती कशी मागायची ओ?”

साक्षीसाठी त्यांनी शिकवलेल्या पोरींकडे गेलो. तिघींनी दार लोटून घेतले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. साक्ष दिली तर उद्याचे पान बंद होईल, ही त्यांची भीती खरी होती. चौथी आली, उभी राहिली, खरे बोलली. तिला पुढे कित्येक आठवडे वाईट आणि कमी पान मिळत गेले. म्हणजे तिच्या चांगुलपणाचे फळही तेच! अखेर मावशींना १९ वर्षांचे पैसे मिळाले, १२ वर्षे हवेत विरली. सत्य ३१ वर्षांचे होते, न्याय १९ वर्षांचा मिळाला.

वाचकहो, ‘कष्टाचे फळ मिळतेच’ आणि ‘चांगल्याचे चांगलेच होते’ ही वाक्ये आपल्याला शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून शिकवली गेली. ती खोटी आहेत असे सरसकट म्हणता येणार नाही. पण ती निसर्गाचा नियम नाहीत. दगड सोडला की खाली पडतो, तसे कष्ट केले की मोबदला पडत नाही. मोबदला कुणीतरी ठरवतो, कुणीतरी देतो आणि कुणीतरी अडवतो.

माझे वडील गिरणी कामगार. सोलापूर हे गिरण्यांचे गाव. १८७० च्या दशकात जुनी गिरणी उभी राहिली, पुढे नरसिंगगिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. भोंग्यावर हे शहर उठत होते आणि भोंग्यावर झोपत होते. आज भोंगे मुके आहेत. वडिलांच्या २२ वर्षांच्या नोकरीत एक खाडा लिहिलेला नव्हता. ज्या दिवशी गिरणीचे दार बंद झाले, त्या दिवशी खाडे करणारा आणि न करणारा दोघेही एकाच फुटपाथवर उभे होते. वडिलांनी मशीन जिवापाड सांभाळली. ती मशीन भंगारात गेली. थकलेल्या देण्यासाठी हेलपाटे घालण्यात त्यांचे उरलेले आयुष्य गेले. आजही २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कंपनी अवसायनात निघाली तर कामगारांच्या देण्याला तारणधारक बँकांच्या बरोबरीचे स्थान आहे, पण ते मागच्या २४ महिन्यांपुरतेच. त्यापलीकडचा घाम रांगेत मागे सरकतो.

आपल्या समाजाला हा अनुभव तर पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे विटाळ होतो हे कारण! पगार चांगला असलेले खातेच बंद. मग त्या कामगाराने दुसऱ्या खात्यात दुप्पट कष्ट केले असते तरी त्याला विणकऱ्याचा पगार मिळाला असता का? १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कष्ट कमी पडत नव्हते, दार बंद होते.

खुद्द बाबासाहेबांहून अधिक कष्ट कुणी केले? कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेला हा विद्वान १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. त्या दिवशी एका बागेत बसून अश्रू ढाळणाऱ्या बाबासाहेबांनी ‘मी अजून जास्त शिकायला हवे होते’ असा निष्कर्ष काढला असता तर? त्यांनी तो काढला नाही. दोष आपल्या कष्टात नसून व्यवस्थेत आहे, हे त्यांनी ओळखले. आणि तरीही ते पुढे शिकतच राहिले, हे विशेष! बक्षिसाची खात्री नसतानाही शिकणे आणि बक्षीस अडवणाऱ्याशी लढणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या.

‘चांगल्याचे चांगलेच होते’ या समजुतीचा खरा धोका वेगळाच आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी १९६० च्या दशकात एक प्रयोग केला. एका स्त्रीला विजेचे झटके बसत आहेत असे लोकांना दाखवले. प्रत्यक्षात झटके खोटे होते. तिचा छळ आपल्याला थांबवता येत नाही आणि तो चालूच राहणार, असे वाटल्यावर बघणाऱ्यांनी तिलाच कमी लेखायला सुरुवात केली. जग न्यायी आहे हा विश्वास टिकवायचा तर छळ सोसणाऱ्यात काहीतरी खोट असलीच पाहिजे! आपल्याकडे यासाठी प्रयोगशाळेची गरज पडली नाही. ‘मागच्या जन्मीचे पाप’ हे दोन-तीन शब्द पुरले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत नाकारला, त्याचे कारण हेच आहे. गरिबाच्या दैन्याला त्याचेच पूर्वकर्म जबाबदार धरले की समाज आणि सरकार हात झटकायला मोकळे होतात. मावशींचा “मी काय चुकले?” हा प्रश्न त्याच शिकवणीतून आला होता. अन्याय दुसऱ्याने केला आणि चूक मात्र त्या स्वतःत शोधत होत्या.

मग चांगुलपणा सोडून द्यायचा का? कामचुकारपणा करायचा का? नाही. मैत्री आणि करुणा हा व्यवहार नव्हे. ती आपल्या माणूसपणाची गोष्ट आहे. मावशींनी शेजारणीच्या सुपात बिड्या टाकल्या, तेव्हा त्या दिवशी तिच्या घरी चूल पेटली. तेवढ्यावर ते सत्कर्म पूर्ण झाले. परंतु करुणा ही मालकाकडे ठेवलेली ठेव नाही, की म्हातारपणी व्याजासह परत मिळेल. करुणेच्या जागी करुणा आणि हक्काच्या जागी हक्क. माणुसकी दाखवताना हिशेब करू नये, पण हिशेबाच्या जागी माणुसकीवर विसंबू नये.

आपल्याच शहरातले उदाहरण पाहा. कुंभारीला गोदूताई परुळेकर नगरात बिडी कामगार महिलांची १० हजार घरे उभी राहिली, २००६ मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. रे नगरच्या ३० हजार घरांपैकी १५ हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. ही घरे कुणी ‘बायका फार कष्टाळू आहेत’ म्हणून बक्षीस दिली नाहीत. नरसय्या आडम मास्तरांसारख्यांच्या नेतृत्वाखाली या बाया वर्षानुवर्षे मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरल्या, अर्ज भरले, आपला हिस्सा भरला, तेव्हा ती मिळाली. कष्ट तर त्या आधीही करतच होत्या.

आणि मिळालेले टिकेलच असेही नाही. बिडी कामगारांच्या दवाखान्यांना आणि मुलांच्या शिष्यवृत्तीला पैसा पुरवणारा बिडीवरचा उपकर २०१७ मध्ये जीएसटीच्या वेळी रद्द झाला. १९६६ चा कायदा नव्या श्रम संहितांमध्ये विलीन झाला आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. नव्या व्यवस्थेत घरी बसून वळणाऱ्या बाईचे काय होते, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. म्हणून घरोघरी माझे एकच सांगणे आहे. मजुरीची नोंद मागा, कार्डाची झेरॉक्स काढून ठेवा, मूळ कागद दिला तर सही घ्या, संघटनेत या. आणि शेजारीण साक्षीला उभी राहिली तर तिच्या पाठीशी सगळी गल्ली उभी करा. म्हणजे तिच्या एकटीचे पान कुणी तोडू शकणार नाही.

मावशी पुढे कित्येक वर्षे दारात बसून पोरींना बिडी वळायला शिकवत होत्या, फुकटच. एकदा मी सहज विचारले, “एवढं सगळं होऊनही?” मावशी हसल्या. समोरच्या पोरीच्या हातातली कातर नीट करत म्हणाल्या, “शिकवते की. पण आता पयल्या दिवशी कार्ड सांभाळायला शिकवते, बिडी दुसऱ्या दिवशी.”