दूरच्या सायकलप्रवासाचें सामान

आमच्या बजाजनगरांत पाळी बदलण्याच्या सुमारास रस्त्याकडेला उभें राहिलें, म्हणजे हँडलला डबा अडकवून जाणारे कितीतरी कामगार दिसतात. वळणावर डबा झोंका घेतो आणि त्याबरोबर हँडलही क्षणभर डळमळतें. आजच्या विषयाचें बहुतेक शास्त्र त्या डब्यांत आहे.

माझे दोन जुने विद्यार्थी, आतां येथील कारखान्यांत नोकरीस असलेले, सायकलीनें पंढरपुरास जावयाचें ठरवून मला भेटावयास आले. एकाच्या कॅरिअरवर दोरीनें आवळलेलें प्रचंड गांठोडें होतें. वाण्याच्या काट्यावर घातलें तों १६ किलो भरलें! मला माझीच फजिती आठवली. असेंच गांठोडें बांधून मी एकदां खुलताबादहून वेरुळाकडे उतरत होतों. हादऱ्यांनीं दोरी सैल झाली, गांठोडें कललें आणि दोरीचें सुटें टोंक मागच्या चाकांत गुरफटून चाक जागच्या जागीं अडकलें. मागून एस्. टी. येत होती. चालकानें वेळीं गाडी थांबविली, म्हणून आज आपल्याशीं बोलतों आहें. गांठ माझ्याच हातची होती.

अलीकडे ज्याला ‘बाइकपॅकिंग’ म्हणतात, त्यांत कॅरिअरला बहुधा फांटा देऊन पिशव्या सायकलीच्या सांगाड्यालाच पट्ट्यांनीं घट्ट बांधतात. हत्यारें, पाणी, शिधा असें जड तेवढें सांगाड्याच्या त्रिकोणांत जावें. तेथें वजन खालीं आणि दोन्हीं चाकांच्या मध्यें राहतें. तेंच उंच व मागें ठेवलें, तर सायकल थोडी कलतांच तें आणखी कलूं पाहतें आणि सावरण्यांत हात थकतात. बैठकीमागच्या पिशवींत कपडे व पांघरूण दाबून भरावें. पिशवी पोकळ राहिली कीं शेपटासारखी हलते. हँडलवर अगदीं हलकें तेवढेंच. पिशवी चाकास किंवा ब्रेकच्या तारांस लागतां कामा नये. शिवाय या पिशव्या स्वाराच्या अंगाच्या आडोशास राहतात, त्यामुळें बाजूस लोंबणाऱ्या झोळ्यांहून वारा कमी अडतो.

आम्हीं त्या १६ किलोंचें ९ किलो केलें. स्वार, सायकल व सामान मिळून ९६ किलो होते, त्यांचे ८९ झाले. म्हणजे चढावरचे श्रम सुमारें शेंकडा सातांनीं कमी! गेले काय? दुसरी चादर, जाड सुती कपडे (ते भिजले कीं वाळत नाहींत), दोन किलो फराळ. गांवोगांवीं चहा-भाकरी मिळत असतां फराळाचा डबा कशास वाहावा? मात्र पाण्यांत काटकसर नको. लिटरभर पाणी म्हणजे किलोभर ओझें हें खरें, पण मराठवाड्याच्या उन्हांत तें ओझें वाहिलेंच पाहिजे. तसेंच पंक्चरचें साहित्य, एक जादा ट्यूब व पंप. बाभळीचा कांटा दुकान पाहून रुतत नाहीं.

१९२३ सालीं मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगारा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर तोडून १९२८ सालीं परतले. नायलॉनचा तेव्हां शोधही लागला नव्हता! तेव्हां महागड्या पिशव्यांवांचून निघतांच येत नाहीं, असें दुकानदारानें सांगितल्यास ऐकून घ्यावें आणि घरीं यावें. जुन्या ताडपत्रीची पिशवी आमच्या शिंप्यानें उत्तम शिवून दिली. आंत प्लॅस्टिकची पिशवी घातली, कीं पावसाची चिंता मिटते.

रेनकोट व पंक्चरचें साहित्य सर्वांत वर असावें. भर पावसांत रस्त्याकडेला सारा संसार उलगडण्याची पाळी येऊं नये. निघण्यापूर्वी आठवडाभर आधीं पुऱ्या सामानानिशीं दौलताबादेपर्यंत जाऊन यावें. परततांना प्रत्येक पट्टा हातानें ओढून पाहावा. माझ्या विद्यार्थ्यांचे दोन पट्टे सैल निघाले. त्यांची सुटीं टोंकें आम्हीं त्याच संध्याकाळीं कापून टाकलीं.