पोटगीचा अर्ज माहेरच्या जिल्ह्यातही

सासर सोडून माहेरी परतलेल्या अनेक स्त्रिया पोटगी मागण्याचे टाळतात. खटला पतीच्याच गावी चालेल, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः तसे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील हा अर्ज पत्नी राहते त्या जिल्ह्यातही दाखल करता येतो. गोव्यात विवाह व घटस्फोटासाठी स्वतंत्र नागरी कायदा असला, तरी ही तरतूद येथेही लागू आहे. अंतरिम पोटगीच्या अर्जावर नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निर्णय होणे अपेक्षित आहे. प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक जपून ठेवावा. ई-कोर्ट्स संकेतस्थळावर त्यावरून पुढील तारीख समजते. आदेशाची प्रमाणित प्रत न्यायालयात अर्ज केल्यावर मिळते. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाच्या अटीविना मोफत वकीलही मिळू शकतो.