पडद्यावरचे नागपूर

नागपूर पडद्यावर फारसे दिसत नाही. राजकुमार हिराणी मूळचे नागपूरचे. पण त्यांचा मुन्नाभाई मुंबईत वावरतो आणि ‘थ्री इडियट्स’चे कॉलेज दिल्लीत आहे. त्यामुळे नागपूर-विदर्भाशी नाते सांगणारे जे मोजके चित्रपट आले, त्यांच्याकडे इथला प्रेक्षक जरा वेगळ्या कसोटीने पाहतो. पडद्यावरची माणसे आपल्यासारखी बोलतात का, हे तो आधी ऐकतो. कथा, अभिनय, संगीत यांचा विचार त्यानंतर.

या कसोटीला सर्वांत चांगला उतरतो तो नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’. हिस्लॉप कॉलेजातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळवले आणि त्यातून २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झालेला हा हिंदी चित्रपट त्या कामावर बेतलेला आहे. बारसे यांच्यावरून रचलेली विजय बोराडे यांची भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. मात्र मंजुळे यांचा खरा धाडसी निर्णय बच्चन यांना घेण्याचा नव्हता, तर नागपूरच्याच वस्त्यांमधली, कधी कॅमेऱ्यासमोर न उभी राहिलेली पोरे त्यांच्यासमोर उभी करण्याचा होता. डॉनची भूमिका करणारा अंकुश गेडाम त्यांपैकीच एक. या पोट्ट्यांची हिंदी मराठीच्या वळणाने जाते, वाक्यावाक्याला ‘बे’ येतो, आणि बच्चन यांच्यासारखा नटही त्यांच्यात मोठा न होता सामावून जातो.

पूर्वार्धातला वस्ती विरुद्ध कॉलेज हा सामना रंगतो, हे सगळेच मान्य करतात. उत्तरार्ध लांबला, कथा भलतीकडे गेली, अशी तक्रारही तितकीच ऐकू येते. चित्रपट जवळपास तीन तासांचा आहे आणि त्याला कात्री लागली असती तर बिघडले नसते. तरीही मंजुळे यांना जे सांगायचे आहे ते या उत्तरार्धातच आहे. परदेशी खेळायला जायचे तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला ओळखीचे पुरावे हवेत, आणि रिंकू राजगुरूने साकारलेल्या आदिवासी मुलीकडे ते नाहीत. तिचा बाप एका कागदासाठी दारोदार फिरतो. तहसील कचेरीच्या रांगेत ज्याने दिवस घालवले आहेत त्याला हा भाग लांबण लावलेला वाटत नाही. आंबेडकर जयंतीची मिरवणूकही इथे शोभेपुरती येत नाही. ज्या शहरात १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, त्या शहराच्या वस्तीचा वर्षातला सर्वांत मोठा सण म्हणून ती येते. मोठ्या हिंदी चित्रपटाने ती अशी दाखवणे ही दुर्मीळ गोष्ट आहे.

‘कोर्ट’ मुंबईत घडतो, पण त्याचा प्राण नागपूरचा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार नागपूरचे कार्यकर्ते आणि ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. कांबळे यांच्या पोवाड्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात आत्महत्या केली, असा आरोप ठेवला जातो आणि तारखांमागून तारखा पडत राहतात. साथीदार फार थोडे बोलतात, कुठेही आवाज चढवत नाहीत. चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाचा थकवा आणि ताठपणा त्यांच्या बसण्यातच दिसतो. व्यावसायिक नटाला हे साधले असते का, याची शंका वाटते. ‘कोर्ट’ला २०१४ मध्ये व्हेनिस महोत्सवात पुरस्कार मिळाला आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने साथीदार गेले.

‘२०० हल्ला हो’ मात्र कमी पडतो. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयातच वस्तीतील महिलांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केले. सार्थक दासगुप्ता यांनी २०२१ मध्ये त्या घटनेवर हा चित्रपट केला. अमोल पालेकर यांचे निवृत्त दलित न्यायाधीश संयमित आणि लक्षात राहणारे आहेत. पण कथा त्यांच्याच मनातल्या द्वंद्वाभोवती फिरत राहते आणि वर्षानुवर्षे दहशत सोसलेल्या बायका गर्दी होऊन मागे सरकतात. ज्यांची गोष्ट होती त्यांनाच जागा कमी पडली.

त्याच वर्षी आलेला शैलेश नरवाडे यांचा ‘जयंती’ साधनांनी लहान आहे. पुढाऱ्याच्या मागे फिरणारा संत्या पुस्तके वाचून बदलतो; हा बदल पटकथेत जरा घाईने होतो. भाषा मात्र अस्सल आहे.

स्थानिक कलाकार घेतले की काम झाले, असे म्हणायला सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) आडवा येतो. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघेही विदर्भाचे नाहीत, तरी त्यांचे किसना आणि अलका परके वाटत नाहीत. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका धास्तावते, लहानग्या दिनूला बापाच्या मागे मागे पाठवते, नवऱ्याला खूश ठेवायला घरात नसलेल्या पैशांतून गोडधोड रांधते. त्यामुळे किसना वैतागतो आणि पाहणाऱ्याला हसू येते. शेतकरी आत्महत्यांवरच्या चित्रपटात असे हसू येऊ देणे हे मनवर यांचे मोठे यश आहे, कारण त्यामुळे किसना आकडेवारीतला शेतकरी न राहता नवरा, बाप आणि कापसाच्या बियाण्यासाठी पावसाची वाट पाहणारा एक हट्टी माणूस होतो.