एक चाल, पाच वेळा : जर्मन कविता आणि बाख

जर्मन येत नाही, मग बाख कसा ऐकायचा, असे अनेक जण विचारतात. एक चाल ओळखता आली, तरी सुरुवात होते.

1601 मध्ये हान्स लिओ हासलर या संगीतकाराने एक प्रेमगीत प्रसिद्ध केले. पुढे त्याची चाल भक्तिगीतांना लागली. पाउल गेरहार्ट (1607–1676) हा धर्मोपदेशक आणि कवी. त्याचे तारुण्य तीस वर्षांच्या युद्धात (1618–1648) गेले. पाच मुलांपैकी चार त्याच्या हयातीतच वारली. काटेरी मुकुटाने रक्तबंबाळ झालेल्या येशूच्या मस्तकाला उद्देशून त्याने जुन्या लॅटिन काव्याच्या आधारे एक स्तोत्र लिहिले. बर्लिनच्या योहान क्र्यूगरने 1656 मध्ये ते हासलरच्या चालीसह छापले.

बाखच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मध्ये (लाइपझिग, 1727) ही चाल पाच वेळा येते. चर्चमध्ये जमलेल्यांना ती तोंडपाठ होती. बाख वरची चाल तीच ठेवतो, पण खालच्या तीन आवाजांचे स्वर प्रसंगानुसार बदलतो. पहिल्या दोन वेळा साथ जवळजवळ सारखीच असते, फक्त दुसऱ्यांदा अर्धा स्वर खाली. पाचव्यांदा ती येते येशूच्या मृत्यूनंतर. तिथे गेरहार्ट स्वतःच्या अंतकाळी येशूची सोबत मागतो आणि ओळखीच्या चालीखालचे स्वर अनपेक्षित, काळोखे होतात. शब्द न कळताही भीती कळते.

सगळी रचना अडीच तासांहून मोठी आहे. ती एका बैठकीत ऐकायलाच हवी असे नाही. आधी पहिली आणि पाचवी जागा लागोपाठ ऐका. फरक कानांनाच कळेल.