लेकीची रविवारची पत्रे



2023 सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. द्राक्षाचा हंगाम ऐन भरात होता. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावचे बागायतदार सकाळी सकाळीच माझ्या कचेरीत आले. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत. खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला.

"सायेब, हे बघा. राहतं घर बँकेला तारण दिलं आन् पोरीला शिकायला धाडली. ही तिथं बोटीत बसून हिंडतिया!"

फोटोत त्यांची लेक एका मोठ्या बोटीच्या कठड्याला टेकून उभी होती. केस वाऱ्यावर उडालेले, चेहऱ्यावर हसू. बापाने तो फोटो पाहिला आणि पंधरा दिवस लेकीशी बोलणे टाकले होते. इकडे अवकाळी पावसाची धास्ती, औषधांचा खर्च, मजुरांची ओढाताण, आणि तिकडे पोरगी हसते आहे. बापाचा राग मला खोटा वाटला नाही. तुमच्यापैकी कोणाचे मूल असे दूर असेल, तर तुम्हालाही तो समजेल.

मुलगी राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन 2022 च्या ऑगस्टात हॉलंडला, म्हणजे नेदरलँड देशात, वागेनिंगेन या गावी पुढच्या शिक्षणासाठी गेली होती. गाव लहानसे, ऱ्हाईन नदीच्या काठी. तिथे 1876 साली सरकारी शेतीशाळा निघाली, 1918 साली तिला उच्च शिक्षणाचा दर्जा मिळाला, आणि आज शेतीच्या शिक्षणात त्या विद्यापीठाचे नाव जगात घेतले जाते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. शनिवार-रविवार वर्ग बंद.

मी त्यांना हिशेब घालून दाखवला. दोन वर्षांतले शनिवार-रविवार मोजले तर दोनशेच्या वर दिवस होतात. हे दिवस खोलीत बसून घालवायचे, बाजारात उधळायचे, की डोळे उघडे ठेवून फिरायचे? म्हटले, "तिला रागे भरू नका. त्या बोटीतून काय दिसले ते विचारा. आणि फोनवर नको, कागदावर लिहून पाठवायला सांगा." फोनवर आपले बोलणे 'जेवलीस का, थंडी आहे का' याच्या पुढे जात नाही. लिहायला बसले की माणूस आधी विचार करतो.

तेव्हापासून ती दर रविवारी रात्री पत्र लिहू लागली. नावगाव सांगायचे नाही या अटीवर त्यांनी ती पत्रे मला वाचायला दिली. त्यातले चार प्रवास तुमच्यापुढे ठेवतो.

बोटीतून काय दिसले

ती बोट रॉटरडॅम बंदरातली होती. युरोपातले हे सर्वांत मोठे बंदर. आपल्या सांगलीची, नाशिकची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून थंड पेट्यांत भरून निघतात, ती तीन-चार आठवड्यांनी याच धक्क्यांवर उतरतात. बापाने रात्र रात्र जागून पिकवलेला माल कुठे जाऊन पडतो, ते पाहायला पोरगी गेली होती!

बोटीतून उतरून ती एका मोठ्या दुकानात शिरली. अर्धा किलोचे द्राक्षांचे डबे मांडले होते. काहींवर दक्षिण आफ्रिकेचे नाव, काहींवर भारताचे. तासभर ती नुसती गिऱ्हाईक न्याहाळत उभी राहिली. तिने लिहिले: "आबा, इथली बाई डबा उचलते, उलटा करते आणि आधी देठ बघते. देठ हिरवा असला तर डबा पिशवीत. तपकिरी असला तर मणी कितीही टपोरा असो, डबा परत फळीवर."

हे मी बांधावर उभा राहून वीस वर्षे सांगत आलो. पण अधिकाऱ्याचे ऐकणे वेगळे आणि लेकीचे पत्र वेगळे. पुढच्या हंगामात त्यांनी तोड पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत थांबवली, क्रेट सावलीत ठेवले आणि माल दुपारपर्यंत न थांबवता लगेच शीतगृहात पोचवला. देठ वाळतो तो शेतातल्या पहिल्या चार-सहा तासांत. पुढे बोटीत कितीही थंड ठेवले तरी वाळलेला देठ हिरवा होत नाही. 2024 च्या जानेवारीत तर तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात होती आणि प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. त्या वर्षी ही काळजी कामी आली.

त्याच पत्रात तिने 2010 सालची आठवण काढली होती. त्या साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे तुम्ही लिहोसीन म्हणून ओळखता त्या औषधाचा, अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि माल तिथेच अडकला. मर्यादा किती? किलोला 0.05 मिलिग्रॅम. डोळ्यांना न दिसणाऱ्या एवढ्याशा अंशाने कित्येक बागायतदार बुडाले. म्हणून औषधांची वही रोजच्या रोज लिहा, हे माझे जुने सांगणे इथे पुन्हा एकदा.

नदीला जागा

दुसरे पत्र नदीचे. वागेनिंगेनला सगळे सायकलीवर फिरतात. तिनेही जुनी सायकल घेतली आणि मैत्रिणीबरोबर नदीच्या बांधावरून निमेगेन शहरापर्यंत गेली. वारा समोरून, जाताना दम निघाला.

त्या देशाचा चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. पाण्याशी त्यांचे भांडण पिढ्यानुपिढ्यांचे. 1953 च्या फेब्रुवारीत समुद्राचे बांध फुटून तिथे अठराशेच्या वर माणसे दगावली. 1995 साली नद्यांना इतके पाणी आले की सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी विचार बदलला. बांध नुसते उंच करत न जाता, नदीला पसरायला जागा द्यायचे ठरवले. निमेगेनसमोर वाल नदीचा बांध त्यांनी 350 मीटर मागे घेतला. त्यात कित्येक घरे उठली.

तिला खरे थांबवले ते एका खेड्याच्या शिवाराने. ओव्हरडीप नावाच्या त्या शिवारातले दूधवाले शेतकरी सरकारच्या नोटिशीची वाट पाहत बसले नाहीत. मोठ्या पुरात आमच्या शिवारात पाणी घ्या, पण आमची घरे-गोठे उंचावर बांधून द्या, असा आराखडा त्यांनीच पुढे केला. सुमारे सहा मीटर उंचीची आठ टेकाडे घातली, त्यांवर घरे आणि गोठे उभे राहिले. काहींना मात्र शिवार कायमचे सोडावे लागले, हेही तिने लिहिले.

वाचकहो, 2005, 2019 आणि 2021 चे पूर कृष्णाकाठ विसरलेला नाही. 2019 साली आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांपर्यंत गेले होते. या कुटुंबाची एक म्हैस त्या पुरात गेली. आपली कृष्णा ऱ्हाईनसारखी नाही. सह्याद्रीचा पाऊस वेगळा, धरणांचे प्रश्न वेगळे, तेव्हा तिकडचे जसेच्या तसे इकडे उचलता येणार नाही. पण गोठा कुठे बांधायचा हे तर आपल्या हातात आहे! त्या उन्हाळ्यात त्यांनी मळईजवळचा गोठा मोडून वरच्या अंगाला, जोते चढवून बांधला. खर्च झाला, कुरकुरही झाली. आता पावसाळ्यात रात्री झोप लागते, असे घरातली बाईमाणसे सांगतात.

कड्यावरची बाग आणि चुकलेली बस

2023 च्या ऑक्टोबरात ती जर्मनीत मोझेल नदीच्या खोऱ्यात गेली. तिथल्या ब्रेम गावचा द्राक्षाचा डोंगर जवळजवळ 65 अंशांच्या उताराचा. अजिंक्यताऱ्याच्या कड्यावर बाग लावली आहे असे समजा. मांडव नाही, वाय नाही, दर वेलाला एक खांब. माल वर-खाली करायला दात्यांच्या रुळावरची छोटी गाडी, बाकी सारे हाताने. पाटीचा काळा दगड दिवसा तापतो आणि रात्री वेलीला ऊब देतो, म्हणून माणसे तो कडा सोडत नाहीत.

तिथे तिला एक जुना धडा समजला. 1860 नंतर फ्रान्सच्या बागांत फायलोक्सेरा नावाची मुळांवरची कीड शिरली आणि युरोपभर बागा वाळल्या. उपाय सापडला तो अमेरिकेतल्या रानवेलीत. मुळे तिची आणि वर कलम आपल्या जातीचे. आज आपण क्षाराला आणि पाण्याच्या ताणाला टिकावी म्हणून डॉगरीज खुंटावर बाग उभी करतो, तो खुंटही अमेरिकेचाच. "आबा, आपल्या बागेच्या बुडात अमेरिका आहे आणि वर तासगाव," असे तिने लिहिले. तास-ए-गणेश ही जात तासगाव तालुक्यातल्या बागायतदाराच्या नजरेने निवडलेली, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

परत येताना गाडी उशिरा पोचली. वागेनिंगेनला रेल्वे नाही. एडे-वागेनिंगेन स्टेशनवर उतरून पुढे आठेक किलोमीटर बसने जावे लागते. शेवटची बस निघून गेली होती. मोबाईलची बॅटरी संपलेली, बारीक पाऊस, रविवारची मध्यरात्र. पोरगी दोन तास चालली. पिशवीत सांगलीचे भडंग होते, तेवढाच आधार. हे पत्र वाचून आईने दोन दिवस धड जेवण केले नाही. पण पोरीने ते लपवले नाही, हे मला मोलाचे वाटते. लपवलेल्या चुकीतून कोणीच शिकत नाही.

परक्या संगमावरची छत्री

2024 च्या मार्चअखेर ईस्टरची जोडून सुटी आली. स्वस्त विमान मिळाले आणि ती इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी गेली. मैत्रिणी चित्रे पाहायला गेल्या. ही मात्र शहराबाहेरच्या बागेत, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर गेली. तिथे कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची छत्री आहे.

महाराज 1870 साली इंग्लंड पाहायला गेले. वय अवघे वीस. जे पाहिले त्याची रोजनिशी ते लिहीत. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांनी देह ठेवला. आपल्या रीतीप्रमाणे संगमावर दहन झाले. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली, आत त्यांचा अर्धपुतळा आहे. त्यांची रोजनिशी 1872 साली कॅप्टन वेस्ट या त्यांच्याबरोबरच्या अधिकाऱ्याने छापून काढली. जवळच्या मोठ्या पुलाला तिथले लोक आजही 'भारतीयाचा पूल' म्हणतात.

कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी आपण उभे राहतो, तेव्हा मागे आपली माणसे असतात. तिथे ती एकटी उभी होती. त्या पत्रात माहिती थोडीच आहे. शेवटी एवढेच लिहिले आहे: "महाराज परत पोचले नाहीत, पण त्यांनी लिहिलेले पोचले. मी लिहीतही राहीन आणि परतही येईन." आबांनी हे पत्र मला वाचायला दिले आणि स्वतः खिडकीबाहेर पाहत बसले.

तुमची मुले जाणार असतील तर

चार गोष्टी सांगतो. कर्जाच्या पैशाने फिरू नये. ही मुलगी आठवड्यातून काही तास एका उपाहारगृहात भांडी घासत होती, प्रवास त्या कमाईवर. तिथे बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला आठवड्याला 16 तासांपर्यंत काम करता येते, मात्र मालकाने परवाना काढावा लागतो. शेंगेन गटातल्या एका देशाचा राहण्याचा परवाना असला, तर त्या गटातल्या इतर देशांत 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरता येते. इंग्लंड त्यात नाही, त्याचा व्हिसा वेगळा. मुक्कामाचा पत्ता घरी आणि मैत्रिणीला आधी कळवावा, शेवटच्या बसची वेळ कागदावर लिहून ठेवावी. आणि आई-बापांनी फोटो पाहून रागावण्याआधी एक प्रश्न विचारावा: काय पाहिलेस?

मुलगी 2024 च्या शेवटी परत आली. नाशिककडे निर्यातीच्या मालाची तपासणी करणाऱ्या ठिकाणी नोकरी करते. बँकेचे हप्ते अजून चालू आहेत आणि घराचा कागद अजून बँकेतच आहे. सवड मिळाली की शुक्रवारी रात्रीची एस. टी. धरून ती गावी येते. आता तिचा शनिवार-रविवार आबांच्या बागेत जातो.

परवा मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा आबांनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात सातबारा, सोसायटीच्या पावत्या आणि ती सगळी पत्रे एकत्र ठेवलेली होती. मी म्हटले, "पत्रे वेगळी ठेवा, खराब होतील."

आबा म्हणाले, "न्हाई सायेब. महत्त्वाचे कागद आमच्यात एकाच जागी असत्यात."