२० पैकी १९ किक बरोबर, तरी ड्राफ्टमध्ये नाव नाही! कोरियातून आलेला यंगवे कू किकर कसा झाला?

अमेरिकन फुटबॉल म्हटलं की हेल्मेट घालून एकमेकांवर धडकणारे धिप्पाड गडी डोळ्यांसमोर येतात. पण याच टीममध्ये एक जण असा असतो, ज्याचं मुख्य काम धडकायचं नसतंच. मॅचचा बराचसा वेळ तो मैदानाबाहेर उभा असतो. बोलावलं की आत येतो, चेंडू मारतो आणि परत जातो. तो म्हणजे किकर.

काम सोपं वाटतंय? मग आधी फील्ड गोल म्हणजे काय ते बघू. एक खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे फेकतो, दुसरा तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि किकर धावत येऊन मारतो. हे सगळं साधारण सव्वा सेकंदात उरकावं लागतं, कारण समोरचे ११ जण अडवायला धावून येत असतात. चेंडू दोन खांबांच्या मधून आणि १० फूट उंचीच्या आडव्या दांडीवरून गेला, तर ३ गुण. नाही गेला, तर शून्य.

यंगवे कूचा जन्म १९९४ साली दक्षिण कोरियातल्या सेऊलचा. लहानपणी तो खेळला तो आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो खेळ. सहावीत असताना तो अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या रिजवूडला आला. नवा देश, नवी शाळा आणि इंग्रजी जवळपास येतच नव्हतं. वर्गात बोलायची पंचाईत, पण मैदानावर भाषा लागत नव्हती. खेळातूनच मित्र मिळाले आणि अमेरिकन फुटबॉलची ओळखही तिथेच झाली.

रिजवूड हायस्कूलच्या टीममध्ये तो फक्त किकर नव्हता, बचावातही खेळायचा. पण पुढचा रस्ता पायानेच उघडला. २०१३ मध्ये तो जॉर्जिया सदर्न विद्यापीठात दाखल झाला. स्टेट्सबरो नावाच्या छोट्या शहरातलं हे विद्यापीठ. अलाबामा किंवा ओहायो स्टेटसारखा दबदबा त्याच्या टीमला नव्हता. २०१४ मध्ये ही टीम कॉलेज फुटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात आली आणि पहिल्याच वर्षी तिने आपली सन बेल्ट कॉन्फरन्स जिंकली.

हायस्कूलमधून कॉलेजला जाताना किकरसाठी नियमही बदलतात. हायस्कूलमध्ये दोन खांबांमधलं अंतर २३ फूट ४ इंच असतं, कॉलेजात ते होतं १८ फूट ६ इंच. म्हणजे दार जवळपास पाच फुटांनी अरुंद. शिवाय हायस्कूलमध्ये चेंडूखाली छोटा ठोकळा ठेवायची मुभा असते. कॉलेजात फील्ड गोल थेट जमिनीवरून मारायचा. शाळेतले कितीतरी चांगले किकर इथेच अडतात.

कू अडला नाही. २०१६ हे त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष. टीमचा हंगाम खराब गेला, ५ विजय आणि ७ पराभव. पण कूने २० पैकी १९ फील्ड गोल मारले. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज किकरला मिळणाऱ्या लू ग्रोझा पुरस्काराच्या शेवटच्या तिघांत त्याचं नाव आलं. पुरस्कार मात्र अॅरिझोना स्टेटच्या झेन गोन्झालेझला मिळाला.

आता एनएफएलच्या टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात, तो ड्राफ्ट आला. २०१७ मध्ये ७ फेऱ्यांत २५३ खेळाडू निवडले गेले. गोन्झालेझचा नंबर सातव्या फेरीत लागला, कूचा लागलाच नाही.

असं का? कारण साधं आहे. एनएफएलमध्ये ३२ टीम आहेत आणि प्रत्येकीला सहसा एकच किकर लागतो. म्हणजे अख्ख्या लीगमध्ये जेमतेम ३२ नोकऱ्या. त्यामुळे बहुतेक टीम किकरवर ड्राफ्टची संधी खर्च करत नाहीत. ड्राफ्टनंतर त्याला ट्रायलला बोलावतात, सरस ठरला तर ठेवतात.

कूचंही तसंच झालं. लॉस एंजेलिस चार्जर्सने त्याला बोलावलं आणि त्याने आधीच्या किकरला मागे टाकून जागा पटकावली. पहिल्याच मॅचमध्ये, डेन्व्हरविरुद्ध, बरोबरी साधायला ४४ यार्डांची किक हवी होती. त्याने मारली, गेलीही. पण त्याआधीच डेन्व्हरने टाइमआउट घेतला होता, म्हणून पुन्हा मारावी लागली. ती अडवली गेली. पुढच्याच आठवड्यात मायामीविरुद्ध शेवटची ४४ यार्डांची किक बाहेर गेली आणि टीम १७-१९ अशी हरली. चार मॅचनंतर नोकरी गेली.

कॉलेजात वर्षभर कमावलेला हिशोब दोन किकनी पुसला. पण त्याने खेळ सोडला नाही. २०१९ मध्ये एका नव्या लीगमधून खेळत तो अटलांटा फाल्कन्समध्ये पोहोचला आणि २०२० मध्ये ३९ पैकी ३७ फील्ड गोल मारून प्रो बोलसाठी निवडला गेला. याच फाल्कन्सने २०२५ मध्ये त्याला सोडलं. त्याआधी हंगामाच्या पहिल्या मॅचमध्ये त्याची बरोबरीची किक हुकली होती. अंतर होतं, पुन्हा ४४ यार्ड.

किकरला मागच्या किकची पुण्याई फार दिवस पुरत नाही. न्यू जर्सीत मित्र मिळवून देणारा कूचा पाय त्याला एनएफएलपर्यंत घेऊन गेला. तिथे टिकायचं, तर प्रत्येक वेळी पुन्हा त्याच १८ फूट ६ इंचांतून चेंडू काढावा लागतो.