अतिदक्षता कक्षातून, लेखांक ७ : रेघ आणि नाडी

पहाटे साडेपाचची वेळ. चार नंबर बेडचा मॉनिटर लाल होऊन वाजू लागला. पडद्यावर रुंद, करवतीच्या दात्यांसारख्या लहरी, एकीला लागून एक. व्हीटी, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून उठलेली बेफाम गती. आयसीयूतला माझा तो दुसराच आठवडा. इमर्जन्सी ट्रॉली ओढत धावले, तर आजोबा उशीला टेकून दात घासत बसलेले. तोंडातला फेस सावरत म्हणाले, "काय झालं गं पोरी?"

दात घासताना हात हलतो, छातीवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडच्या टिकल्या हलतात, स्नायूंची वीज रेघेत मिसळते आणि थेट व्हीटीसारखं चित्र उमटतं. त्याच पडद्यावर खाली, बोटाच्या चिमट्यावरून येणारी ऑक्सिजनची लहर ठोक्यागणिक संथ चालू होती. ती मी पाहिलीच नव्हती.

मॉनिटर वाचतो ती हृदयातली वीज. वरचे कप्पे चेतवणारी छोटी पी लहर, खालच्या कप्प्यांचा उंच क्यूआरएस सुळका, मग पूर्वस्थितीला येतानाची टी लहर. ही नावं नेदरलँड्सच्या विलेम आइंटहोवेन यांनी दिली. ईसीजीच्या कामासाठी त्यांना १९२४चं नोबेल मिळालं. पण वीज वाहिली म्हणजे रक्त पुढे ढकललं गेलंच असं नाही. कधी पडद्यावर सुरेख रेघ चालू असते आणि मानेला नाडी लागत नाही. या अवस्थेला पीईए म्हणतात. इथे शॉकचा उपयोग नसतो. मानेवर बोटं ठेवायची, जास्तीत जास्त १० सेकंद. नाडी नक्की लागली नाही तर छाती दाबायला सुरुवात करायची आणि दुसऱ्यांनी कारण शोधायचं: रक्तस्राव, ऑक्सिजनची कमतरता, पोटॅशियमची गडबड, छातीत कोंडलेली हवा. रेघ चांगली दिसते म्हणून इथे घुटमळलं, तर माणूस हातचा जातो.

शॉकची गरज असते तिथे हिशेब मिनिटांचा असतो. हृदय नुसतं थरथरत असताना छाती दाबली गेली नाही, तर शॉकला होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिराने वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. डॉक्टर येईपर्यंत थांबणं परवडत नाही, हे फिलाडेल्फियात लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी १९६०च्या दशकात ओळखलं. बेडजवळ चोवीस तास असते ती सिस्टर, म्हणून रेघ वाचायलाही तिनेच शिकायचं. १९६५ साली त्यांचं परिचारिकांसाठीचं पाठ्यपुस्तक आलं. आज आपण ज्या विश्वासाने मॉनिटरसमोर उभ्या राहतो, तो विश्वास अशा माणसांनी मिळवून दिला आहे.

या विश्वासाची सुरुवात मात्र अगदी साध्या कामापासून होते. केस काढायचे, त्वचा पुसून कोरडी करायची, गॉजने हलकेच घासायची, टिकल्या रोज बदलायच्या. जेल सुकलं की रेघ सपाट होते आणि हृदय थांबल्याचा अलार्म वाजतो. तारांच्या रंगांवर डोळे मिटून विसंबू नका. एका पद्धतीत पांढरी तार उजव्या खांद्याची असते, दुसरीत छातीची. तारेच्या टोकावरची अक्षरं वाचा.

दिवसभरात वाजणारे बहुतेक अलार्म असे पोकळ असतात, आणि कान त्यांना सरावतात. मला सगळ्यांत जास्त भीती याची वाटते. अलार्मची मर्यादा त्या रुग्णापुरती, डॉक्टरांशी बोलून बदलणं आणि वैतागून आवाजच बंद करणं यांत मोठं अंतर आहे. पहिली गोष्ट नोंदवहीत लिहिता येते, हँडओव्हरमध्ये सांगता येते. दुसरी कोणी सांगत नाही, आणि तिची किंमत बेडवरचा माणूस मोजतो.

आवाज विचारपूर्वक बंद करण्याची वेळही येते. बरं होण्याची आशा उरलेली नसताना उपचार थांबवण्याची वाट सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली आखून दिली आणि २०२३ साली ती सोपी केली. डॉक्टरांची दोन मंडळं मत देतात, नातेवाइकांची संमती घेतली जाते. निर्णय झाल्यावर सिस्टरचं काम संपत नाही. वेदना, धाप, कोरडं पडलेलं तोंड, कूस, सगळं तिच्याकडेच असतं. आणि असतो तो पडदा. मी पाहिलंय, अशा वेळी घरचे सगळे आकड्यांकडे बघत राहतात. ८०, ६२, ४५. रुग्णाकडे कोणाचं लक्षच नसतं. म्हणून डॉक्टरांना विचारून मी बेडजवळचा पडदा बंद करते आणि स्टूल पलंगाशी सरकवते.

एका मावशींच्या छातीत पेसमेकर होता. पडदा बंद करू का विचारलं, तर मुलगा नको म्हणाला. त्यांचा श्वास थांबला, तरी पेसमेकरच्या उभ्या रेघा ठरल्या वेळी उमटतच होत्या. "सिस्टर, अजून चालू आहे ना?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. डॉक्टरांनी तपासून वेळ लिहिली होती, पण त्याची नजर पडद्यावरून हलत नव्हती. मी त्याच्याशेजारी बसले, त्या रेघा कुठून येतात ते सांगितलं, आणि मग त्याची दोन बोटं धरून आईच्या मनगटावर ठेवली. बराच वेळ त्याने ती तिथेच ठेवली. मग तोच म्हणाला, "आता बंद करा."